कॅबिनेटसाठी ट्रॅकबॉल

प्रश्न : घरच्या आर्केड कॅबिनेटवर 'सेंटिपीड' खेळायचं आहे. ट्रॅकबॉल कोणता घ्यावा, संगणकाला कसा जोडावा?

उत्तर : सव्वादोन इंची घ्या, १९८१च्या मूळ 'सेंटिपीड'वर हेच माप होतं. गोल्फच्या खेळात तळहाताने जोर लावायचा असतो, तिथे तीन इंचीच हवा. यूएसबी बोर्डासकटच मागा, संगणक त्याला माउस समजतो. आर्केडचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या 'मेम' या एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये माउस चालू आहे ना, तेवढं पाहा.

बोर्डाकडे प्रत्येक अक्षाच्या दोन सिग्नल तारा जातात. चेंडू डावीकडे फिरवला आणि बंदूक उजवीकडे पळाली, तर आडव्या अक्षाच्या त्या दोन तारांची अदलाबदल करा. पाच व्होल्ट आणि ग्राउंडची तार मात्र उलटी लावू नका. सेन्सर जळू शकतात.