तीन किरणांची पेटी आणि चौथा किरण

अमेरिकेतील मालिबू येथील प्रयोगशाळेत १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातील पहिला लेसर-किरण काढला. त्यामागील तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ सालीच मांडून ठेवले होते. ते प्रत्यक्षात उतरावयास त्रेचाळीस वर्षे लागली. आज मात्र बोटाच्या पेराएवढ्या पितळी नळीत बसविलेला लेसर विजेच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळतो. लेसर व कणत्वरक यांच्या संशोधनासाठी १९८४ साली स्थापन झालेले केंद्र, जे आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते, ते आमच्या इंदुरातच आहे. तेव्हा येथील विद्यार्थ्यांना या विषयाचे कुतूहल असावे, यात नवल ते काय?

तांबडा, हिरवा व जांभळा असे तीन लेसर एकाच लाकडी ठोकळ्यात बसवून त्यांची एक पेटी कशी करावी, हे आम्ही येथे सांगणार आहोत. भिंतीवर तीन रंगीत ठिपके पाडणे एवढाच तिचा उपयोग असता, तर एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. परंतु या पेटीने प्रकाशाची तरंगलांबी सुताराच्या साध्या मोजपट्टीने मोजता येते. आणि ती मोजीत असता पेटीतून तीनच किरण निघतात की आणखीही काही निघते, याचाही उलगडा होतो. या दुसऱ्या प्रश्नाशी डोळ्यांची गाठ असल्यामुळे त्याचा विचार आम्ही अधिक विस्ताराने करणार आहोत.

प्रथम रचना पाहू. तीन लेसर-नळ्या घ्याव्यात: तांबडी ६५० नॅनोमीटरची, हिरवी ५३२ नॅनोमीटरची व जांभळी ४०५ नॅनोमीटरची. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग.) तिन्ही नळ्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या आणि १ मिलिवॉट किंवा त्याहून कमी शक्तीच्या मागाव्यात. सागाचा किंवा आंब्याचा एक ठोकळा घेऊन त्यात एकाखाली एक अशी तीन भोके २ सें.मी. अंतराने पाडावीत. भोके शेजारी शेजारी न पाडता एकाखाली एक का, ते पुढे कळेल. भोक नळीपेक्षा किंचित मोठे असावे. नळीच्या पुढच्या टोकावर रबराचे कडे चढवावे आणि मागच्या टोकाशी तीन बाजूंनी तीन बारीक स्क्रू ठेवावेत, म्हणजे ते मागेपुढे फिरवून किरणाची दिशा सुधारता येते.

ठोकळा लाकडाचाच हवा. पुष्कळ नळ्यांचे पितळी अंग विजेच्या एका टोकाशी आतून जोडलेले असते; कोणाचे धन टोकाशी, तर कोणाचे ऋण टोकाशी. अशा दोन नळ्या एकाच धातूच्या पट्टीत बसविल्या तर वीज भलत्याच वाटेने जाते आणि नळी क्षणात निकामी होते. तिन्ही नळ्यांना ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरमधून समांतर जोडणीने वीज द्यावी व प्रत्येकीला दारावरील घंटेचे असते तसे स्वतंत्र बटण लावावे. बोट उचलताच किरण बंद होतो, हा या बटणाचा मोठा गुण होय. एकदा दाबून चालूच राहणारी कळ येथे वापरू नये. मग तीन मीटर अंतरावरील भिंतीवर २ सें.मी. अंतराच्या तीन खुणा एकाखाली एक करून स्क्रूंच्या साहाय्याने तिन्ही ठिपके त्यांवर आणावेत. किरण समांतर झाले.

हे काम विज्ञानशिक्षकांच्या समक्षच करावे. किरण उभ्या किंवा बसलेल्या कोणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर नसावा, तो भिंतीवर किंवा खरखरीत कागदावरच संपावा आणि त्याच्या वाटेत आरसा, घड्याळ, स्टीलचे भांडे असे काहीही चकाकणारे येऊ नये. रस्त्यावरील वाहने, पशुपक्षी आणि आकाशातील विमाने यांच्याकडे तो कदापि रोखू नये.

लेसरची शक्ती इतकी अल्प असता एवढी सावधगिरी कशाला, अशी शंका कोणी घेईल. दिव्याचा प्रकाश चोहीकडे पसरतो. लेसरचा किरण मात्र जवळजवळ समांतर असतो आणि डोळ्यातील भिंग तो सारा दृष्टिपटलावरील एका अतिसूक्ष्म बिंदूवर एकत्र आणते. तेथे त्याची तीव्रता बाहुलीवरील तीव्रतेच्या सुमारे एक लक्ष पट होऊ शकते. निसर्गाने यावर पापणीची योजना केली आहे. झगझगीत प्रकाश पडताच सुमारे पाव सेकंदात पापणी मिटते. १ मिलिवॉटची मर्यादा याच हिशेबाने ठरविलेली आहे. मात्र पापणी मिटते ती दिसणाऱ्या तेजामुळे, आणि दिसणारे तेज व किरणाची शक्ती या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

हे आमची पेटीच दाखवून देते. समान शक्तीचे तीन किरण घेतले, तर आपल्या डोळ्याला हिरवा तांबड्याच्या सुमारे आठपट तेजस्वी भासतो आणि जांभळा हिरव्याच्या हजाराव्या हिश्शाइतकाही भासत नाही. पांढऱ्या कागदावर जांभळा ठिपका बराच ठसठशीत व निळसर दिसतो खरा. पण ती कागदाला पांढरेपणा आणणाऱ्या रसायनाची करामत होय. तेथे जांभळा प्रकाश शोषला जाऊन निळा बाहेर पडतो. तोच किरण खडूच्या कांडीवर पाडून पाहावा, म्हणजे तो किती मंद दिसतो ते कळेल. (चिमूटभर हळद खोबरेल तेलात कालवून काचेच्या बाटलीत ठेवावी व बाजूने जांभळा किरण सोडावा, तेल हिरवट-पिवळ्या तेजाने उजळते. तांबड्याने तसे होत नाही. हा प्रयोग लहान मुलांना फार आवडतो.) मंद दिसणारा जांभळा किरण निरुपद्रवी आहे असे समजून त्याकडे टक लावून पाहणारा मनुष्य हिरव्या किरणाकडे पाहणाऱ्यापेक्षा अधिक संकटात असतो, कारण त्याची पापणी त्याला वेळीच सावध करीत नाही.

आता मोजणी. एका मिलिमीटरात ५०० बारीक रेघा असलेली पारदर्शक पट्टी मिळते. तिला विवर्तन-जालक म्हणतात. तिच्यातील लगतच्या दोन रेघांचे अंतर २००० नॅनोमीटर होय. ही पट्टी रेघा उभ्या ठेवून पेटीसमोर बसवावी आणि तिच्यापासून बरोबर १०० सें.मी. अंतरावर, किरणाशी काटकोनात, दीड मीटर लांबीचा कागद आडवा लावावा. प्रत्येक किरणाचा एक ठिपका मध्यभागी सरळ जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंस, त्याच ओळीत, नवे ठिपके उमटतात. भोके एकाखाली एक पाडल्याचा लाभ येथे दिसतो: तीन रंगांच्या तीन वेगळ्या ओळी पडतात व एकमेकींत मिसळत नाहीत.

मध्यापासून बाजूच्या पहिल्या ठिपक्याचे अंतर तांबड्यासाठी सुमारे ३४.४, हिरव्यासाठी २७.६ व जांभळ्यासाठी २०.७ सें.मी. भरावे. तांबड्याचे गणित करून पाहू. पट्टी, मध्य व ठिपका यांच्या काटकोन त्रिकोणात पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण १०५.८ सें.मी. येतो. ३४.४ ला १०५.८ ने भागून २००० ने गुणले असता ६५० येतात. हीच नॅनोमीटरमधील तरंगलांबी. डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म तरंगाचे माप मोजपट्टी आणि पायथागोरस एवढ्यांवर निघते, हे आम्हांला कोणत्याही जादूपेक्षा अधिक मनोहर वाटते.

तांबड्या व जांभळ्या नळीत विजेचे रूपांतर थेट त्या त्या रंगाच्या प्रकाशात होते. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या नळीची कथा निराळी आहे. तिच्यात प्रथम ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, प्रकाश निर्माण होतो. तो एका स्फटिकाला चेतवतो व त्यातून १०६४ नॅनोमीटरचा दुसरा अवरक्त प्रकाश निघतो. पुढे दुसऱ्या स्फटिकात या प्रकाशाची कंप्रता दुप्पट होते, म्हणजे तरंगलांबी निम्मी होऊन ५३२ उरते आणि आपल्याला हिरवा रंग दिसतो. शिल्लक राहिलेला अवरक्त प्रकाश रोखण्यासाठी नळीच्या तोंडाशी काचेची एक गाळणी असावयास हवी. स्वस्त मालात नेमकी तीच वगळलेली आढळते.

ती आहे की नाही, हे आमच्या ओळींवरून ओळखता येते. प्रथम मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दूरदर्शन-संचाचा रिमोट धरून बटण दाबावे. ज्या कॅमेऱ्यात रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसेल, तो अवरक्त प्रकाश पाहू शकतो. पुष्कळदा पुढचा कॅमेरा यात सरस ठरतो. खोली अंधारी करून केवळ हिरवा किरण चालू करावा आणि कॅमेरा किरणाकडे नव्हे, तर भिंतीवरील कागदाकडे रोखावा. हिरवे ठिपके २७.६ व ६२.८ सें.मी. वर दिसतील. त्यांच्या दरम्यान, ४४.२ सें.मी. च्या आसपास, नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नसता पडद्यावर फिकट, थोडासा पसरट डाग दिसला, तर तो ८०८ नॅनोमीटरचा चौथा किरण होय. जांभळा किरण या वेळी बंद हवा. त्याचा दुसरा ठिपकाही जवळपास तेवढ्याच अंतरावर पडतो व घोटाळा होतो.

आणि १०६४ नॅनोमीटरचा किरण? तो ६२.८ सें.मी. वर पडतो, म्हणजे हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्याच्या नेमका खाली दडतो. याचे कारण १०६४ ही ५३२ ची अगदी दुप्पट आहे. अशा रीतीने त्याच्या जन्माचा संबंधच त्याला आपल्या दृष्टीआड ठेवतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली एका स्वस्त हिरव्या लेसरविषयी लिहिले. त्याचा हिरवा प्रकाश मंद होता, पण त्यातून सुमारे २० मिलिवॉट अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. घरच्या घरी परीक्षा घेण्यासाठी त्यांनी जालक म्हणून संगीताची तबकडी, म्हणजे सी.डी., सुचविली होती. त्याच संस्थेने २०१३ साली तपासलेल्या १२२ लेसर-दर्शकांपैकी हिरव्यांतील सुमारे नव्वद टक्के व तांबड्यांतील सुमारे चव्वेचाळीस टक्के तेथील सुरक्षानियमांत बसले नाहीत. नळीवरील चिठ्ठीत लिहिलेल्या आकड्याची किंमत किती, हे यावरून दिसते.

आमच्या माळव्यातील डिसेंबरच्या सकाळी यात आणखी एक भर पडते. ८०८ नॅनोमीटरची तरंगलांबी तपमानाप्रमाणे किंचित बदलते; थंडीत ती पहिल्या स्फटिकाला नीट मानवत नाही आणि हिरवा प्रकाश क्षीण होतो. मुले म्हणतात, ‘लेसर उतरला आहे.’ वस्तुतः मूळचा अवरक्त प्रकाश निर्माण होतच असतो; हिरवा होण्याचे काम तेवढे अडलेले असते. गाळणी नसलेल्या नळीचा क्षीण हिरवा किरण हा म्हणून सर्वांत फसवा समजावा.

चौथा डाग दिसला की ती नळी पेटीतून काढून टाकावी व विक्रेत्याला परत करावी. डाग न दिसला तरी चष्म्याविना किरणाकडे पाहण्याचा परवाना मिळाला असे मुळीच नव्हे, कारण कॅमेरा अवरक्त प्रकाशाचे अस्तित्व दाखवितो, त्याचे प्रमाण मोजीत नाही. आणि साधा चष्माही लेसरपासून रक्षण करीत नाही. शक्य असेल तर ५२० नॅनोमीटरची हिरवी नळी घ्यावी. तिच्यात विजेपासून थेट हिरवा प्रकाश होतो, मधले अवरक्त टप्पेच नसतात. दुकानदाराने कोणती दिली, हे पुन्हा मोजपट्टीच सांगेल: तिचा पहिला ठिपका २७.६ ऐवजी २६.९ सें.मी. वर पडतो, आणि पट्टी-भिंतीचे अंतर दोन मीटर केले तर हा फरक सव्वा सें.मी. हून अधिक होतो. जुन्या डी.व्ही.डी. लेखकयंत्रातून लेसर काढून वापरण्याचा मोह मात्र आवरावा. त्याची शक्ती आपल्या मर्यादेच्या शंभरपटीहूनही अधिक असू शकते.

ज्यांना मिलिमीटरला १००० रेघांचे जालक मिळेल, त्यांनी तेही लावून पाहावे. त्यात ठिपके फार दूर पडतात, तांबड्याचा पहिला ठिपका ८५.५ सें.मी. वर जातो, आणि हिरव्याचा दुसरा ठिपका कोठेच उमटत नाही. तो का उमटत नाही, हे वर दिलेल्या त्रिकोणावरून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना काढता येईल. कर्णापेक्षा लांब बाजू असलेला काटकोन त्रिकोण काढून पाहण्याचा प्रयत्न केला की पुरे.