बोटाला ९८, मग गाठीत कमी कसा?

‘वडिलांना स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी शेक चालू आहे. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, गाठीत ऑक्सिजन कमी असला की शेक नीट लागू पडत नाही. घरी कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर आहे. लावून पाहिलं तर ९८ दाखवतं. मग कमी आहे कुठे? त्यावर गोळी असते म्हणे, ती मागून घेऊ का? आणि हे ऑक्सिमीटर रोज लावायचं की कपाटात ठेवून देऊ?’

साताऱ्याकडच्या एका वाचक ताईंचं हे पत्र.

ताई, ऑक्सिमीटरला बोटातल्या रक्तापुरतं कळतं, गाठीच्या पोटातलं नाही. कॅन्सरची गाठ वाढते ती गुंठेवारीतल्या वस्तीसारखी. घरं आधी उठतात, नळ मागाहून येतो, आला तर. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, मध्येच बंद पडतात. १९५५ साली टॉमलिन्सन आणि ग्रे या दोन इंग्रज संशोधकांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तपुरवठ्यापासून ०.१ ते ०.१८ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीइतक्या अंतरात, पेशी जिवंत होत्या. पलीकडे नुसता मेलेला लगदा. या दोहोंच्या सीमेवर अर्धपोटी पेशी तग धरून असतात, आणि खरी डोकेदुखी त्यांचीच. (वडिलांच्या फाइलवर ६६ किंवा ७० ‘ग्रे’ असं लिहिलेलं असेल. डोसच्या त्या एककाला याच ग्रे यांचं नाव दिलंय.)

शेकाचे किरण पेशीच्या डीएनएला इजा करतात. ऑक्सिजन हजर असला की ती इजा पक्की होते, नसला तर बरीचशी लगेच भरून निघते. म्हणून या उपाशी पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. तेवढा दिला तर गाठीच्या आधी घसाच जळेल.

मग नाकाला ऑक्सिजन लावला तर? रक्त आधीच ९८ टक्के भरलेलं आहे. टाकी भरलेली आहे, पाइप पोचत नाही. जादा दाबाच्या बंद खोलीत ठेवून शेक देण्याचे प्रयोग लंडनमध्ये १९५०च्या दशकात सुरू झाले. काही रुग्णांना फायदाही झाला, पण त्रास आणि खटाटोप इतका की रोजच्या उपचारात ते रुळलं नाही.

गोळीची कल्पना इथून पुढे आली. आव झाल्यावर आपण मेट्रोनिडाझोल घेतो, त्याच घराण्यातली काही औषधं किरणांपुढे ऑक्सिजनची नक्कल करतात. वाटेतल्या पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, हे औषध तसं वाटेत संपत नाही, म्हणून आत खोलवर पोचतं. मिसोनिडाझोल आधी आलं, पण त्याने हातपाय बधिर व्हायला लागले. निमोराझोल त्यामानाने सोसतं. डेन्मार्कमध्ये १९८६ ते १९९० या काळात घसा आणि स्वरयंत्राच्या ४२२ रुग्णांवर ते तपासलं. पाच वर्षांनी घसा-मानेतला आजार आटोक्यात असलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत ४९ टक्के, न घेणाऱ्यांत ३३ टक्के. तिथे ते नेहमीच्या उपचारात आलं. शेकाच्या साधारण दीड तास आधी गोळ्या घ्यायच्या, मळमळ सोसायची.

एवढं वाचून केमिस्टकडे धावू नका. अलीकडे ब्रिटनमध्ये, नव्या यंत्रांवर शेक घेणाऱ्या रुग्णांत याच औषधाची चाचणी झाली, तिथे फायदा दिसला नाही. त्यामुळे माझ्या मते यासाठी जिवाचा आटापिटा करू नये. आपल्याकडे शेकासोबत सहसा सिस्प्लाटिन हे केमोचं औषध देतात. त्यानेही शेकाची धार वाढते, पण वेगळ्या वाटेने. वडिलांना ते का दिलं किंवा का नाही, हे जरूर विचारा. आवेच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका.

तसंच रक्त वाढवण्याच्या इंजेक्शनचं. ‘एचबी दहा आहे, इंजेक्शन लिहून द्या’ हा आग्रह मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ३५१ रुग्णांच्या चाचणीत या इंजेक्शनमधल्या एरिथ्रोपोएटिनने हिमोग्लोबिन वाढलं खरं, पण कॅन्सर जास्त जणांत उलटला.

आता पत्रात तुम्ही न विचारलेलं. वडील विडी ओढतात का? अजूनही? विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो. गंमत म्हणजे ऑक्सिमीटरला त्या दोघांतला फरक कळत नाही, ते अडवलेल्या जागाही ‘भरलेल्या’ धरतं. तेव्हा विडी ओढणाऱ्याच्या बोटाला ९८ दिसलं तरी त्यावर जाऊ नका. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, शेक चालू असताना धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी ४५ टक्के जणांची गाठ पूर्ण विरघळली, बाकीच्यांत ७४ टक्के जणांची. आमच्याकडे एक आजोबा चेहऱ्यावरचा जाळीचा मुखवटा निघाला की थेट गेटबाहेरच्या टपरीवर जात. ‘आता काय व्हायचं राह्यलंय’ म्हणत. व्हायचं होतं ते त्याच दुपारी चाललं होतं.

शेकात खंडही पडू देऊ नका. एका दिवसाच्या शेकाने भरल्यापोटी पेशी मरतात, तेव्हा मागच्या उपाशी पेशींना थोडा ऑक्सिजन मिळतो आणि पुढच्या खेपेला त्या सापडतात. तीस-पस्तीस खेपा लावलेल्या असतात, त्यामागे हाही एक हिशोब असतो. शनिवार-रविवारची सुट्टी त्या हिशोबात धरलेली असते, भाचीचं लग्न नाही. घसा सोलवटून गिळवत नसेल तरी घरी बसू नका, त्याच दिवशी विभागात सांगा. औषध देता येतं, नळी घालून आहारही देता येतो.

ऑक्सिमीटर कपाटात ठेवायला हरकत नाही. धाप लागली, ताप आला तर काढा. पण श्वास घेताना घशातून घर्र आवाज येऊ लागला, तर आकडा बघत बसू नका, वडिलांना घेऊन निघा.