ऊतकपेढी आणि संमतीची भाषा

रक्तपेढी आपल्या परिचयाची आहे. ऊतकपेढी हा शब्द मात्र कलाशाखेच्या विद्यार्थ्यास अडखळविणारा. एकसारखे कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊतक. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतकपेढी सुरू झाली. तेथे हाडे, गर्भाभोवतीचे पातळ आवरण इत्यादी ऊतके गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णांच्या उपचारासाठी देतात.

संशोधनासाठीची पेढी याहून निराळी. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतून निदानास लागेल तेवढा भाग आधी विकृतिशास्त्रज्ञ घेतो. उरलेला तुकडा पेढीत जातो. मेणात बसविलेला तुकडा साध्या तापमानात वर्षानुवर्षे टिकतो. ताजा गोठवावयाचा तर उणे ८० अंशांचे शीतकपाट किंवा उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन हवा. शीतकपाटाची वीज जाऊन चालत नाही. मराठवाड्यातील वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.

तथापि मला खरी अडचण यंत्रांची वाटत नाही, ती भाषेची वाटते. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली; पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या आणि कुटुंबास त्याचा पत्ता सुमारे वीस वर्षांनी लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऊतकसंग्रहासाठी दात्याच्या संमतीचा स्वतंत्र विचार केला आहे, तो याच जातीच्या अनुभवांमुळे.

आता अशी पेढी छत्रपती संभाजीनगरात उभारावयाची असे समजू. आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणीकडचे शेतकरी, मजूर येतात. त्यांच्यापुढे ‘ऊतकांच्या अनामिक विनियोगास अनुमती’ असा कागद ठेवला, तर अंगठा उठेल; संमती मिळाली असे मी म्हणणार नाही. शिवाय ‘अनामिक’ हा शब्द येथे साधा नाही. नाव कायमचे पुसले, तर पुढे कोणी ‘माझा तुकडा परत काढा’ म्हटले तरी तो सापडणार नाही. नावाऐवजी खूणक्रमांक घालून नोंदवही कुलपात ठेवली, तर सापडेल. रुग्णास हा फरक त्याच्या बोलीत कळला पाहिजे.

‘तुमच्या गाठीचा उरलेला तुकडा आम्ही अभ्यासासाठी ठेवू का? नाही म्हणालात तरी उपचार हेच होतील. त्यातून तुम्हाला पैसा मिळणार नाही.’ एवढी वाक्ये लिहिण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. मराठी विभागाने असा मसुदा करावा, घाटीतील अध्यापकांकडून त्याची शास्त्रीय बाजू तपासून घ्यावी आणि मग तो रुग्णालयात रांगेत बसलेल्या एखाद्या आजीला वाचून दाखवावा. जेथे ती ‘म्हंजी काय?’ विचारील, ते वाक्य पुन्हा लिहावे.