जुन्या मोटारीचे तेल व तिची निगा

सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेला आहे. येथील शेतकऱ्यास छत्रपती संभाजीनगरास जावयाचे झाल्यास फर्दापूरवरून घाट चढावा लागतो, आणि पाचोरा-जळगावकडे जावे तर कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्यावर धुळीचे लोट असतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. चढण, धूळ व उष्णता ही तिन्ही इंजिनास त्रासदायक होत. अशा भागात आता अनेक शेतकरी जुनी मोटार विकत घेतात. मारुती ८०० या गाडीचे उत्पादन १९८३ मध्ये सुरू होऊन २०१४ मध्ये थांबले. म्हणजे तिची सर्वांत नवी गाडीसुद्धा आज दहा वर्षांहून जुनी आहे. पिकाचे पैसे घालून घेतलेली अशी गाडी ऐन हंगामात जाम झाली, तर दुरुस्तीचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातो.

तेलाच्या डब्यावर ‘२० डब्ल्यू-४०’ असे आकडे असतात. पुष्कळांची समजूत अशी की, आकडा मोठा तितके तेल चांगले. ही समजूत चुकीची आहे. हे आकडे दर्जाचे नसून दाटपणाचे आहेत. ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो. त्यानंतरचा आकडा गरम इंजिनात ते किती दाट राहते हे सांगतो. १०० अंश सेल्सियसला ३० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५, ४० क्रमांकाचा १२.५ ते १६.३ आणि ५० क्रमांकाचा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स असतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून पहिल्या आकड्याची फार चिंता करावयास नको; परंतु सकाळी इंजिन सुरू होताच तेल वरपर्यंत लवकर पोहोचावे, यासाठी पहिला आकडा लहान असणे हिताचेच ठरते.

तेलाचा दर्जा ‘एपीआय’ या अक्षरांपुढे लिहिलेला असतो. त्यात ‘एस’ने सुरू होणारी खूण पेट्रोल इंजिनाची व ‘सी’ने सुरू होणारी डिझेल इंजिनाची. ‘एसएन’ ही खूण २०१० मध्ये व ‘एसपी’ ही २०२० मध्ये आली. पेट्रोल गाडीस साधारणतः नंतरच्या खुणेचे तेल चालते. मात्र प्रथम गाडीबरोबरची पुस्तिका पाहावी. ती नसल्यास त्याच गाडीच्या जाणत्या मिस्त्रीस विचारावे. केवळ डब्याचे चित्र पाहून तेल घेऊ नये.

जुन्या इंजिनास दाट तेलच घालावे, असा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. इंजिन खरोखर झिजले असेल, तेल जळत असेल, तर पुस्तिकेने दिलेल्या मर्यादेत एक क्रमांक दाट तेल घेणे योग्य ठरते. परंतु ठणठणीत इंजिनात विनाकारण दाट तेल घातल्यास ते अरुंद मार्गांतून सावकाश जाते. विकणारे काही लोक धूर व खडखड लपविण्यासाठीच दाट तेल घालतात, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. म्हणून गाडी पाहावयास जाताना इंजिन थंड असावे असा आग्रह धरावा, व ती आपल्यासमोर सुरू करवावी. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन जादा किंवा हवा कमी. पांढरा धूर थांबत नसेल व तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ फेस असेल, तर पाणी तेलात मिसळत असण्याचा संशय घ्यावा. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी, असे आमचे मत आहे.

गाडी घरी येताच तेल व तेलाचा फिल्टर दोन्ही बदलावेत. विकणाऱ्याने ‘नुकतेच बदलले’ असे सांगितले तरी पुरावा नसल्यास ते धरू नये. नव्या तेलातील मळ धुणारे घटक जुना गाळ सोडवितात, म्हणून हे पहिले तेल सुमारे एक हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदलावे. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे ठाऊक नसेल तर तोही बदलून घ्यावा. तो तुटल्यास काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

तेलाची पातळी आठवड्यातून एकदा पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे, पट्टी पुसून पुन्हा घालावी, व तेल दोन खुणांच्या मध्ये आहे काय हे पाहावे. वरच्या खुणेपलीकडे भरणेही अपायकारकच. डिझेल गाडीत तेल काजळीने लवकर काळे होते. एवढ्यावरून घाबरू नये. तेलाचा लाल दिवा चालताना लागल्यास मात्र तत्काळ इंजिन बंद करावे.

हवेचा फिल्टर वेचणी व मळणीच्या दिवसांत वारंवार काढून पाहावा. कागदी फिल्टर पाण्याने वा पेट्रोलने धुऊ नये. आतून बाहेर हळू हवा मारावी, फाटला असल्यास बदलावा. रेडिएटरमध्ये विहिरीचे क्षारयुक्त पाणी घालू नये. गरम इंजिनावर झाकण कधीही उघडू नये, कारण उकळते पाणी तोंडावर उडते. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक ऑइल सुमारे दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते.

काढलेले काळे तेल विहिरीजवळ, नाल्यात वा शेतात ओतू नये. जनावरांच्या जखमेवर अथवा स्वतःच्या अंगास लावू नये; त्यातील द्रव्ये त्वचेस घातक असून कर्करोगकारक ठरलेली आहेत. ते बंद डब्यात साठवून तेल बदलून देणाऱ्या गॅरेजवाल्याकडे, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रास जावे म्हणून द्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा एखादा डबा ग्रामपंचायतीजवळ ठेवण्याची व्यवस्था करून पाहावी.