वृद्ध कुत्र्याचा डोळा : निदान आणि निगा

राखणीचा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला, की त्याच्या डोळ्यातील बाहुलीत निळसर झाक दिसू लागते. पुष्कळदा ही केवळ वयोमानाप्रमाणे भिंगाला आलेली घट्टता असते. तीमुळे दृष्टी फारशी उणावत नाही. मोतीबिंदूत मात्र भिंग पांढरे होऊन दृष्टी अडते. मधुमेह हे त्याचे एक कारण होय.

सर्वांत घातक विकार काचबिंदूचा. डोळ्यातील द्रवाचा निचरा अडला, की आतील दाब वाढतो. डोळा लाल होतो, पाणी गळते, जनावर डोळा मिटून घेते व खाणे सोडते. दाब एकाएकी वाढल्यास एक-दोन दिवसांचा विलंबही कायमचे अंधत्व आणू शकतो. म्हणून म्हातारपणाचे लक्षण समजून स्वस्थ न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. घरातील माणसांचे औषध डोळ्यात घालू नये; डोळ्यात व्रण असल्यास स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तो चिघळतो.

दृष्टी गेलेला कुत्रा गंध व श्रवण यांच्या आधारे सुखाने जगू शकतो. त्याच्या अन्नपाण्याची व निजण्याची जागा बदलू नये, विहिरीला आडोसा करावा आणि स्पर्शापूर्वी हाक मारावी. निरुपयोगी ठरवून त्याला उपाशी मरण्यास सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे.