भाड्याचे घर

उल्हासनगर हे मुळातच निवारा शोधत आलेल्या लोकांचे शहर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ येथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ मध्ये या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव देण्यात आले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र आजही पत्त्यात टिकून आहे.

कॅम्प १ शहाड रेल्वे स्थानकाच्या जवळ आहे. त्यामुळे कामासाठी रोज लोकलने जाणारी माणसे येथे भाड्याची खोली शोधतात. पण स्वस्त खोली कोणती? समजा, स्थानकाजवळच्या खोलीचे भाडे ६,००० रुपये आहे आणि दूरच्या खोलीचे ५,४०० रुपये. दूरच्या खोलीतून रिक्षाने जाण्यायेण्यास रोज ३० रुपये लागतात. महिन्याचे २६ दिवस धरले, तर ७८० रुपये झाले. म्हणजे ती खोली ६,१८० रुपयांना पडली! वीजबिल, पाणी आणि दलाली यांचाही हिशेब आधीच करावा.

पैशापेक्षा जीव मोलाचा आहे. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून अनेकांचे प्राण गेले. म्हणून खोली पाहताना छताकडे नीट पाहावे. छत गळते का? सिमेंट निघून लोखंडी सळ्या दिसतात का? महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का? हे विचारायला संकोच करू नये.

खोली पसंत पडली, की करार लेखी करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही हा नियम लागू आहे. दिलेल्या भाड्याची पावती मागणे हा भाडेकरूचा हक्क आहे.

घरमालकाकडे ठेवलेल्या रकमेला मराठीत ‘अनामत’ म्हणतात. हा तुमचाच ‘अमानत’ शब्द! अमानत परत करायची असते. ती किती दिली आणि केव्हा परत मिळेल, हे करारात लिहून घ्यावे. ‘करार’ हा शब्दही तुमच्या ओळखीचाच आहे.

मित्रांनो, घरात मराठी वाचणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल. तसे असेल, तर अब्बांनी सही करण्यापूर्वी तो कागद त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. रक्कम, मुदत आणि पत्ता दोनदा तपासा. मराठीच्या तासाला शिकलेले तुमच्या घरच्यांच्या असे उपयोगी पडेल.

शब्दार्थ
निवारा – पनाह, आसरा
भाडेकरू – किरायेदार
पावती – रसीद
मुदत – मुद्दत
धोकादायक – खतरनाक

स्वाध्याय
१) दूरची खोली महाग का पडली?
२) खोली पाहताना छताकडे का पाहावे?
३) ‘अनामत’ आणि ‘करार’ यांसारखे उर्दूशी नाते सांगणारे आणखी पाच मराठी शब्द लिहा.