उपघटक ३.४ : चित्रपटाचे अर्थकारण आणि बोलीची जागा

२०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची गणना झाली; त्यांतील बहुसंख्य अहिराणी बोलणारे आहेत. धुळे-जळगावच्या चित्रपटगृहांत मात्र अहिराणी चित्रपट क्वचितच लागतो. प्रेक्षक आहेत, मग चित्रपट का नाहीत?

याचे कारण बोलीच्या सामर्थ्यात नव्हे, तर खर्चाच्या वसुलीत शोधावे लागते. कॅमेरा, प्रकाशयोजना, संकलन यांचे दर चित्रपटाची भाषा पाहून ठरत नाहीत. तिकिटाच्या रकमेतून कर, चित्रपटगृहाचा वाटा आणि वितरकाचा वाटा वजा झाल्यावर निर्मात्याच्या हाती थोडेच उरते. म्हणून भाषेची निवड ही बाजारपेठेच्या सीमेचीही निवड असते. प्रमाण मराठी घेतली तर पुण्यासह धुळेही मिळते. अहिराणी घेतली तर पुणे सुटते. मग बोली उरते ती विनोदी नोकराच्या तोंडी, दोन-चार वाक्यांपुरती. तेवढा स्थानिक रंग फुकट पडतो!

शासकीय साहाय्यानेही निवड घडते. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परताव्याची योजना आणली. परतावा पुढील मराठी चित्रपटाशी जोडलेला होता. साहजिकच ज्याचा पहिला चित्रपट अधिक चालला, त्याला दुसऱ्यासाठी अधिक बळ मिळाले.

याउलट उदाहरण धुळ्याच्या दक्षिणेस, नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये सांगितला जातो. क्रेनऐवजी बैलगाडी, ट्रॉलीऐवजी सायकल आणि अभिनयाला गावातलीच माणसे. एवढा खर्च गावातूनच वसूल होऊ शकत होता. म्हणून पात्रांना गावच्याच धाटणीची हिंदी बोलता आली. मुंबईतील प्रेक्षकाला ती कळेल का, हा प्रश्न उद्भवलाच नाही.

अहिराणी गाण्यांबाबत हेच घडले. चार-पाच मिनिटांचे गाणे शेतात चित्रित करून यूट्यूबवर टाकता येते. ते सुरतेत स्थायिक झालेला खानदेशी माणूसही ऐकतो. तेथे त्याच्यासाठी चित्रपटगृह भाड्याने घ्यावे लागत नाही. दोन तासांच्या कथापटाला मात्र ही सवलत अद्याप लाभलेली नाही.

स्वाध्याय : आपल्या गावात लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या व्यावसायिकाकडून एका दिवसाचा दर जाणून घ्या. त्या दराने दहा दिवसांचे चित्रीकरण केल्यास खर्च निघण्यासाठी ५० रुपयांची किती तिकिटे विकावी लागतील, ते मांडा. तेवढे अहिराणी प्रेक्षक आपल्या तालुक्यात आहेत काय?